कामाची गाडी इलेक्ट्रिक घ्यायची का? आधी ती रात्री कुठे उभी असते ते सांगा

जुन्या डिझेल व्हॅनचा क्लच गेला, टर्बो शिट्टी मारायला लागला आणि मेकॅनिकने खर्चाचा आकडा सांगितला की प्रत्येक प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, एसीवाला एकदा तरी म्हणतोच की हिच्यात अजून पैसे घालण्यापेक्षा सरळ इलेक्ट्रिकच घेऊन टाकू का. मग चार लोकांना विचारायला गेलं की दोनच प्रकारची उत्तरं मिळतात. एक म्हणतो डिझेल संपलं, आता हेच चालणार, दुसरा म्हणतो नको रे बाबा, मधेच बंद पडली तर बसशील रस्त्यावर. दोघांनीही तुमचं काम बघितलेलं नसतं. आणि खरं सांगायचं तर इथे सगळा हिशोब तुमच्या कामावर आहे, गाडी त्यात फार थोडी.

अजून एक गोष्ट नेहमी ऐकायला येते, "कुरिअरवाल्यांनी केल्या ना इलेक्ट्रिक, मग आपल्याला काय होतंय". अहो त्यांचं वेगळं आहे. अॅमेझॉनने 2019 मध्ये रिव्हियन कंपनीला एक लाख इलेक्ट्रिक व्हॅनची ऑर्डर दिली हे खरंय, पण कुरिअरची गाडी सकाळी भरलेली निघते, संध्याकाळी रिकामी परत येते, रूट ठरलेला, रात्री सगळ्या गाड्या एकाच डेपोत आणि तिथे चार्जरची रांग. तुमची गाडी सकाळी भरलेली निघते आणि संध्याकाळी पण भरलेलीच येते, उलट काढलेला जुना माल घेऊन थोडी जास्तच भरलेली. रूट पार्टीच्या फोनवर ठरतो. आणि रात्री ती तुमच्या घरासमोर, नाहीतर जिथे जागा मिळेल तिथे. म्हणून त्यांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

रात्रीचा प्रश्न

तर पहिला प्रश्न हाच, गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे तुमच्या मीटरवरून वायर पोचते का? पोचत असेल तर पुढचं वाचा, नसेल तर तरी वाचा, पण मनात धरून ठेवा की तुमच्यासाठी हा सौदा अर्धा बिघडलेला आहे. कारण इलेक्ट्रिक गाडीची सगळी मजा ती झोपेत भरते यात आहे. तुम्ही झोपलेले, गाडी उभीच, वीज स्वस्त, वेळ फुकट. दिवसा फास्ट चार्जरवर उभं राहायचं म्हणजे वीज बऱ्याच ठिकाणी घरच्या दुप्पट तिप्पट भावाने, आणि वर तुमचा अर्धा पाऊण तास, जो कुठल्याच पार्टीच्या बिलात लावता येत नाही. पगारी ड्रायव्हर असेल तर तो चहा पिऊन येईल, पण स्वतःच मिस्त्री आणि स्वतःच ड्रायव्हर असेल तर तो पाऊण तास म्हणजे एक छोटं काम गेलं समजा.

आता घरी चार्जिंग म्हणजे लगेच मोठा चार्जरच लागतो असं नाही. साधा घरगुती सॉकेट 230 व्होल्टवर 10 अँपिअर देतो, म्हणजे 2.3 किलोवॉट. रात्री नऊला लावली आणि सकाळी सातला काढली तर दहा तासांत 23 युनिट. छोटी व्हॅन, म्हणजे रेनॉ कांगूच्या साइजची, 100 किलोमीटरला साधारण 20 युनिट खाते, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरली तरी एका रात्रीत शंभरेक किलोमीटर सहज भरून निघतात. शहरात चार पाच साइट फिरणाऱ्या माणसाला एवढं पुष्कळ झालं. मोठी उंच व्हॅन मात्र 100 किलोमीटरला 30 युनिट आणि कधी त्याच्याही वर जाते, तिला साधा सॉकेट कमी पडतो. तिथे 32 अँपिअरचा वॉल चार्जर लागतो, तो साधारण 7 किलोवॉट देतो, रात्रीत 70 युनिट, म्हणजे बहुतेक व्हॅनची बॅटरी जवळजवळ रिकामी असली तरी सकाळपर्यंत भरते. थ्री फेज असेल तर 11 किलोवॉटने पण होतं, पण रात्रभर वेळ असताना त्याची घाई कशाला.

एक सावधगिरी. गीझर दहा अँपिअरच्या आसपास खेचतो तो थोडा वेळ, गाडी तेवढंच खेचते सलग दहा तास, रोज. सॉकेटच्या मागचा एखादा स्क्रू ढिला असेल तर तेवढ्या वेळात तो तापतो, मग सॉकेटचं प्लास्टिक पिवळट पडतं, प्लगची पिन काळी होते, आणि एक दिवस वास येतो. म्हणून गाडीसाठी स्वतंत्र लाइन, चांगली अर्थिंग, स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की लाइन तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. इलेक्ट्रिशियन मंडळींनी इथे हसू नये, स्वतःच्या घरचं वायरिंग सगळ्यात शेवटी दुरुस्त होतं हे सगळ्यांना माहितीये.

ब्रोशरमधली रेंज आणि तुमची रेंज

कंपनी जी रेंज सांगते ती खोटी नसते, पण ती लॅबमधली असते. युरोपात जी डब्ल्यूएलटीपी नावाची टेस्ट आहे तिच्यात गाडी रोलरवर चालते, तापमान 23 डिग्री, एसी बंद. आपण एसी लावतो, हायवेला पळवतो, टपावर शिडी बांधतो. मग रेंज सगळ्यात जास्त कोण खातं? बहुतेक लोक म्हणतील आतलं वजन. वजन खातंच, पण शहरात गाडी थांबताना मोटर जनरेटरसारखी चालून त्यातली बरीच वीज परत बॅटरीत टाकते, त्यामुळे वजनाचा मार थोडा सौम्य होतो. हवा मात्र काही परत देत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 च्या ऐवजी 110 ने गेलात तर हवा जवळपास दुप्पट जोराने मागे ढकलते. त्यात टपावर कॅरिअर, कॅरिअरवर शिडी, शिडीला पाइप बांधलेले, म्हणजे व्हॅन आधीच खोक्यासारखी आणि वरून ही शिंगं. डिझेलला पण हे सगळं लागू होतंच, फक्त टाकी मोठी असल्यामुळे तिकडे कुणी मोजत बसत नाही. काम नसेल तेव्हा शिडी उतरवून ठेवायची सवय लागली तर हायवेला फरक दिसतो, बघा करून.

थंडीचं वेगळं प्रकरण आहे. बॅटरी गार असली की ती कमी देते आणि चार्जही हळू घेते, शून्याच्या खाली तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच चार्जिंगला लगाम घालतो. वर केबिन गरम करायला हीटर. इंजिनची गाडी स्वतःच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर केबिन गरम करते, इलेक्ट्रिकमध्ये ती उष्णता नाहीच, सगळं बॅटरीतून. साधा हीटर असेल तर काही किलोवॉट जातात, हीट पंप (उलट चालणाऱ्या एसीसारखा) असेल तर बराच कमी खर्च. कडक थंडीत रेंज पाव भागाने कमी होणं ही रोजची गोष्ट समजा. दिवसभरात दहा वेळा दार उघडून सामान काढणाऱ्याला तर जास्तच, कारण प्रत्येक वेळी केबिन परत गार. जिथे उकाडा आहे तिथे एसीचा खर्च त्यामानाने कमी, पण सतत उष्णतेत बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून घेताना बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का ते नक्की विचारा.

मग हिशोब कसा करायचा? बॅटरीचे युनिट घ्या, त्यातले 15 ते 20 टक्के बाजूला ठेवा, कारण शून्यावर कोणी गाडी आणत नाही, उरलेल्याला तुमच्या वाईट दिवसाच्या खर्चाने भागा. समजा 68 युनिटची मोठी व्हॅन, फोर्ड ई-ट्रान्झिट आली तेव्हा तिच्यात एवढीच होती. त्यातले 56 वापरायचे. वाईट दिवशी 100 किलोमीटरला 35 युनिट गेले तर हातात राहिले 160 किलोमीटर. कंपनीचा आकडा होता तीनशेच्या वर.

इथे एक चूक सगळेच करतात. "माझं रोजचं सरासरी 60 किलोमीटर आहे, मग 160 म्हणजे भरपूर." सरासरीवर गाडी चालत नाही हो. फोनमधला लोकेशनचा इतिहास काढा, नाहीतर डायरी काढा, आणि महिन्यातले सगळ्यात लांबचे चार पाच दिवस बघा. ते जर बॅटरीत बसत असतील तर प्रश्न मिटला. वर्षातून दोनदा लांब कुठेतरी काम निघतं, तेवढ्यासाठी मोठी बॅटरी घेऊ नका, त्या दिवशी वाटेत चार्ज करा किंवा गाडी भाड्याने घ्या. पण लांबचे दिवस दर आठवड्याला येत असतील तर तो तुमचा नेहमीचा दिवसच आहे, त्याला अपवाद म्हणून स्वतःची समजूत घालू नका.

फास्ट चार्जरचं पण लक्षात ठेवा, तो 80 टक्क्यांपर्यंतच फास्ट. रिकाम्या डब्यात माणसं पटापट चढतात, भरत आला की एकेकाला आत ढकलावं लागतं, बॅटरीचं तसंच आहे. शेवटच्या 20 टक्क्यांसाठी चार्जरवर उभं राहण्यात अर्थ नसतो.

पैसे

रनिंग खर्चाचा एक सोपा हिशोब देतो, कुठल्याही गावात चालेल. तुमची डिझेल व्हॅन लिटरला 12 चं अॅव्हरेज देते असं धरा, 100 किलोमीटरला 8.3 लिटर. त्याच साइजची इलेक्ट्रिक 25 युनिट खाईल, चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर 28. म्हणजे साडेआठ लिटरपेक्षा थोडं कमी डिझेल विरुद्ध 28 युनिट वीज. याचाच अर्थ, तुमच्याकडच्या डिझेलच्या एका लिटरच्या भावाला 3.4 ने भागा, जो आकडा येईल त्यापेक्षा वीज जेवढी स्वस्त तेवढा तुमचा फायदा, आणि महाग असेल तर इलेक्ट्रिक चालवणं उलट महाग पडतंय. घरच्या विजेवर हे गणित बहुतेक ठिकाणी आरामात जमतं, फास्ट चार्जरच्या भावावर बऱ्याचदा बरोबरीत सुटतं किंवा अंगावर येतं. म्हणूनच सुरुवातीला रात्रीचं विचारलं.

पण खरी गंमत पुढे आहे. इलेक्ट्रिक गाडी घेताना महाग, चालवताना स्वस्त. जास्तीचे पैसे वसूल व्हायचे तर किलोमीटर पळायला पाहिजेत. आता ज्याचं काम आसपासच्या चार गल्ल्यांत आहे, दिवसाला 20 किलोमीटर, त्याला रेंजची काहीच चिंता नाही, पण त्याचं डिझेलच मुळात एवढं थोडं जळतं की वाचणार काय? आणि जो रोज अडीचशे किलोमीटर पळतो त्याची बचत सगळ्यात मोठी, पण नेमकी त्यालाच रेंज पुरत नाही. ज्याला पुरते त्याचं वाचत नाही, ज्याचं वाचतं त्याला पुरत नाही. माझ्या मते सौदा जमतो तो मधल्या माणसाला, रोज साधारण 70 ते 150 किलोमीटर, रात्री गाडी स्वतःच्या जागेत, आणि गाडी पाच सात वर्षं ठेवायची तयारी.

तरी कमी पळणाऱ्याने लगेच विषय बंद करू नये, कारण त्याच्या डिझेल गाडीचा एक छुपा खर्च असतो. आजकालच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो धुरातली काजळी अडवतो आणि मग ती जाळून टाकतो. जाळायला एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो, आणि तो तापतो सलग चांगल्या स्पीडने पळाल्यावर. चार किलोमीटर जाऊन थांबायचं, परत तीन किलोमीटर, परत थांबायचं, अशा गाडीत तो कधी धड तापतच नाही. फिल्टर चोंदतो, लाइट लागते, गाडी पिकअप सोडते, गॅरेजचं बिल येतं. म्हणजे प्लंबरचा रोजचा दिवस हा आधुनिक डिझेलला सगळ्यात जास्त त्रास देणारा दिवस आहे आणि इलेक्ट्रिकला सगळ्यात सोयीचा. जुन्या डिझेलला हा त्रास नव्हता, म्हणून जुन्या माणसांना हे पटत नाही.

बाकी मेंटेनन्समध्ये ऑइल, फिल्टर, टायमिंग बेल्ट, क्लच हे सगळं गेलं. ब्रेक पॅड खूप टिकतात, इतके की कमी वापरामुळे डिस्कला गंज धरतो, तो बघत राहायचा. टायर मात्र लवकर जातात, गाडी जड आणि मोटर एकदम जोर लावते. आणि हो, 12 व्होल्टची साधी बॅटरी याही गाडीत असते, ती बसली तर खाली शेकडो किलोची दुसरी बॅटरी फुल असून गाडी चालू होत नाही. हसू येतं पण होतं असं. इन्शुरन्सचा भाव मात्र आधी काढा, काही ठिकाणी तो बराच जास्त लागतो.

माल किती बसतो, आणि फळीला भोक कुठे पाडायचं

बॅटरी जड असते, पॅकचा विचार केला तर एका युनिटला ढोबळ सहा सात किलो. 75 युनिट म्हणजे जवळपास पाचशे किलो. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी गेली त्यातून थोडं भरून निघतं, तरी बहुतेक गाड्यांत तुम्हाला नेता येणाऱ्या मालाचं वजन कमी होतं. युरोपात साध्या कार लायसनवर सहसा 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, काही देश इलेक्ट्रिक व्हॅनला 4,250 किलोपर्यंत सूट देतात, पण जिथे सूट नाही तिथे हा प्रश्न फारच टोचतो. तुमच्याकडे मर्यादा वेगळी असेल, पण गाडीचं पासिंग किती (म्हणजे मालासकट जास्तीत जास्त वजन) आणि रिकामी गाडी किती वजनाची हे दोन आकडे बघितल्याशिवाय सही करू नका. आणि एकदा तुमची आत्ताची गाडी जशी आहे तशी, रॅक, टूल, फिटिंगचे डबे, हेल्पर सकट, काट्यावर नेऊन वजन करून आणा. टाइल्सवाले आणि प्लास्टरवाले यांना आपलं वजन माहिती असतं, सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांना धक्का बसतो, कारण केबलची बंडलं आणि पितळी फिटिंग हळूहळू साठत गेलेली असतात.

रॅकिंग करताना एक गोष्ट जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. आपली सवय काय, प्लायची फळी टाकली, लांब स्क्रू घेतला, दिला खाली दाबून. इलेक्ट्रिक व्हॅनच्या फ्लोअरखाली बॅटरीचा पॅक आणि हाय व्होल्टेज केबल असतात, केशरी रंगाच्या, तो रंग जगभर याच कामासाठी ठरलेला आहे. चार इंच स्क्रू तिथे गेला तर विषय वॉरंटीवर थांबत नाही. गाडीवर बॉडी आणि रॅक बसवणाऱ्यांसाठी कंपनी ड्रॉइंग देते, कुठे भोक चालेल आणि कुठे नाही ते त्यात असतं, ते मागून घ्या आणि शक्यतो गाडीत आधीच दिलेल्या माउंटिंग पॉइंटवरच रॅक बसवा. जॅक कुठे लावायचा तेही बघून ठेवा, पॅकवर लावला तर महागात जाईल.

याच्या उलट एक खूप कामाची गोष्ट म्हणजे गाडीतून वीज. काही व्हॅनमध्ये मागे 230 व्होल्टचा सॉकेट मिळतो, ई-ट्रान्झिटमध्ये ऑप्शनमध्ये 2.3 किलोवॉटचा होता. त्याच्यावर ग्राइंडर, ड्रिल, टाइल कटर, टूलच्या बॅटरीचे चार्जर मजेत चालतात. जिथे अजून मीटरच आलेला नाही अशा साइटवर जनरेटर भाड्याने आणायची कटकट गेली. वेल्डिंगवाल्यांनी मात्र याच्या भरवशावर राहू नये, मोठा सेट दोन किलोवॉटमध्ये बसत नाही. आणि दिवसभर टूल चालवून संध्याकाळी घरी जायचं आहे हे पण लक्षात असू द्या, पाच युनिट टूलने खाल्ले म्हणजे छोट्या व्हॅनचे 25 किलोमीटर गेले.

बॅटरी किती वर्षं?

लोकांना सगळ्यात जास्त भीती याची. बहुतेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर अशी वॉरंटी देतात, त्या काळात क्षमता 70 टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून. तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा, कमर्शियल वापराला अट वेगळी असू शकते. बॅटरी अचानक मरत नाही, थोडी थोडी आखडते. म्हणून आज जेमतेम पुरणारी रेंज घेऊ नका, पाच वर्षांनी कमी झालेली पण तुम्हाला पुरायला पाहिजे. बॅटरीच्या आतल्या रसायनाचे दोन मुख्य प्रकार, एलएफपी आणि एनएमसी; एलएफपी असेल तर ती जास्त चार्जिंग सायकल झेलते आणि रोज फुल केली तरी फारसं बिघडत नाही, एनएमसी असेल तर रोज 80 टक्क्यांवर थांबवलेली बरी, लांबचं काम असेल त्या रात्रीच 100.

घाई करावी की थांबावं? कांगूची पहिली इलेक्ट्रिक 2011 मध्ये आली तेव्हा तिच्यात 22 युनिटची बॅटरी होती, मग 33 झाली, 2022 च्या मॉडेलमध्ये 45 आली. 2010 पासून बॅटरीचा भाव जवळजवळ 90 टक्क्यांनी पडलाय. म्हणजे थांबणाऱ्याला दर वेळी थोडं जास्त चांगलं मिळत गेलं, आणि याचाच दुसरा अर्थ असा की आज घेतलेल्या नवीन गाडीची रीसेल नव्या मॉडेलमुळे पडते. जुनी डिझेल ठीक चालत असेल तर नुसतं सगळे घेतायत म्हणून बदलू नका. शहराने डिझेलला बंदी घातली तर गोष्ट वेगळी, नेदरलँड्समधल्या बऱ्याच शहरांनी 1 जानेवारी 2025 पासून मध्यवर्ती भागात नव्याने नोंदणी झालेल्या डिझेल व्हॅनना येऊ देणं बंद केलं, जुन्यांना काही वर्षांची सवलत दिली. तुमचं मुख्य गिऱ्हाईक अशाच भागात असेल तर हिशोबाचा प्रश्नच उरत नाही.

रीसेल पडते त्याचा फायदा घ्यायचा तर सेकंडहँड बघा. तीन चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक व्हॅन, कमी भावात, आणि तुमचं रोजचं साठ सत्तर किलोमीटर. यात कमी पळणाऱ्याचं गणित पण जमून जातं, कारण महाग खरेदीचा भार आधीच्या मालकाने उचलला. फक्त बॅटरीचा एसओएच रिपोर्ट घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, म्हणजे मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली तो आकडा, आणि तो डीलरच्या तोंडून नको, मशीन लावून काढलेला कागद पाहिजे. किलोमीटर कमी पण रोज फास्ट चार्जरवर भरलेली कुरिअरची गाडी आणि किलोमीटर जास्त पण घरी हळू भरलेली गाडी यात मी दुसरी घेईन.

दोन गाड्या असतील तर एकच बदला, शहरातली, आणि लांबच्या साइटला डिझेल राहू द्या. एकच असेल तर घ्यायच्या आधी चार पाच दिवस ट्रायलला मागा, आणि ती शोरूममधून जशी मिळते तशी रिकामी फिरवू नका, तुमचा सगळा माल भरा, शिडी वर बांधा, हेल्परला बसवा, एसी लावा, आणि रात्री तुमच्याच सॉकेटला लावून सकाळी किती भरली ते बघा. डीलर नाही म्हणाला तर भाड्याने घ्या.